काळ्या मातीच्या गावात कुस्तीचा आखाडा : कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५

जागा मारुतीच्या देवळामागची, ग्रामपंचायतीच्या मालकीची. जुना आखाडा इथंच होता, तोच पुन्हा उभा करतोय. कमरेएवढ्या भिंती उभ्या आहेत, वरची टिनं वादळात उडालेली, आत गवत आणि रिकाम्या बाटल्या. माप अठरा बाय अठरा फूट.

नोंदी ठेवतोय, कारण अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे-धामणगाव पट्ट्यात असे बंद पडलेले आखाडे बऱ्याच गावांत आहेत, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या आखाड्यांची माहिती आमच्या जमिनीला जशीच्या तशी चालत नाही. आमच्याकडे जिथं कुदळ मारावी तिथं कपाशीची काळी माती.

आखाडा बंद का पडला, हे गावात विचारलं तर टीव्ही, मोबाइल, पोरं पुण्याला गेली अशी उत्तरं येतात. वस्तादांनी वेगळंच सांगितलं. ते तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले (ही संस्था १९१४ सालची), आणि नंतर बरीच वर्षं गावातल्या पोरांना शिकवत होते. म्हणाले, “पाण्यानं बंद पडला बावा. दर पावसाळ्यात खालून वल ये. दोन-तीन मयने बंद राये. बंद रायलेल्या आखाड्यात पोट्टे वापस येत नाई.”

म्हणून यावेळी कामाचं गणित एकच ठेवलंय: आखाडा पावसाळ्यात चालू राहिला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

९ मार्च

आतली माती पूर्ण उपसली. काचा, खिळे, दाढीच्या पात्याचे तुकडे निघाले, त्यामुळे जुनी माती चाळून वापरायचा विचार सोडून दिला. ती बाहेर रस्त्याच्या खड्ड्यात टाकली.

जुन्या आखाड्याचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा हातभर खाली होता. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि महिनाभर सोडत नाही. वर टिन असलं तरी बाजूच्या वावरातली ओल आत सरकायची. त्यामुळे आखाडा जमिनीच्या वर उचलायचं ठरलं. पावणेदोन फूट खोदून तळाशी सव्वा फुटाचा भराव: नऊ इंच डबर, त्यावर सहा इंच मुरूम, धुम्मसानं कुटून. त्यावर दीड फूट कुस्तीची माती. म्हणजे मातीचा माथा बाहेरच्या जमिनीपेक्षा एक फूट वर येतो. डबराच्या फटींमधून ओल वर चढत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

डबर फुकट मिळाला, एका विहिरीच्या काठावर ढीग पडून होता. मुरूम विकत घेतला.

२३ मार्च

मातीचा शोध. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला.

सगळ्यांच्या डोक्यात लाल रंग बसलेला. आमच्या भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा लागतो. त्याच विहिरीच्या ढिगातली ती माती अशी लालभडक होती की बघूनच पोरं खूश झाली. दोन घमेली आणून भिजवली, दुसऱ्या दिवशी वस्तादांनी मूठभर घेतली, दाबली आणि हात उघडला तर माती तळव्याला सोडेना. बोटांच्या चिरांत, नखांच्या कडेला बसली. वाळल्यावर तिची ढेकळं झाली. रंग लाल, पण वागणूक काळ्या मातीची. “इच्यात कुस्ती नाई, रोवणा होईन,” म्हणाले; रोवणा म्हणजे चिखलातली भातलावणी.

मुरूम बारीक चाळून पाहिला. तो अंगाला चिकटत नाही, पण खरखरतो. पुतण्याला त्यावर एक कोलांटी मारायला लावली, खांद्याची साल निघाली.

शेवटी नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची माती, आणला. त्यात बरडावरची (खडकाळ माळावरची) चाळलेली तांबडी माती मिसळली: पोयटा दोन घमेली, तांबडी एक. ज्यांना असं मिश्रण करायचं आहे त्यांनी वस्तादांची ही परीक्षा करून बघावी. माती ओलसर करून लाडू वळायचा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. तसाच अख्खा राहिला तर माती चिकण आहे, पोयटा वाढवा. वळतानाच फुटला तर रेती जास्त आहे. पडल्यावर चार-पाच तुकडे झाले आणि ते बोटानं सहज भुगा झाले, तर ती माती चालते. नंतर हाताला लागलेली माती झटकून पडली पाहिजे, धुवायची गरज पडू नये.

६ एप्रिल

काम थांबलंय. अठरा बाय अठरा आणि दीड फूट म्हणजे साधारण पाच ब्रास माती लागते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एवढी माती उचलायला गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी लागते, हे ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं. “आखाड्यासाठी आहे, कोण अडवते?” असं गावातले म्हणत होते, पण ट्रॅक्टर जप्त झाला तर नुकसान त्या माणसाचं. अर्ज केला. हनुमान जयंतीला १२ तारखेला सुरुवात करायची होती, ते आता होत नाही. जो कोणी हे काम काढेल त्यानं मातीचा नमुना पसंत पडल्याच्या दिवशीच अर्ज टाकावा.

तोवर मिस्त्रीकडून कडेची बांधणी करून घेतली. विटांची कड गुडघ्याएवढी, तिच्यावर कुणाचं डोकं आपटू नये म्हणून बारदान्याची पोती कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरून शिवली आणि चारी बाजूंनी बांधली. भिंतीच्या बाहेर फूटभर खोल चर काढला, उतार नाल्याकडे.

२० एप्रिल

परवानगी आली, माती आली. मिस्त्रीची वाळूची चाळणी उभी करून सगळी चाळली. हे काम पोरांनीच केलं, सकाळी सहा ते नऊ, कारण नंतर ऊन सोसत नाही.

मातीत काय घातलं: मोहरीचं तेल दोन डबे (पंधरा-पंधरा किलोचे), हळद दहा किलो, कापूर एक किलो, कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून, लिंबांचा रस आणि घराघरातून जमा केलेलं ताक. एप्रिलमध्ये लिंबं महाग, त्यामुळे ताकावर जास्त भर दिला. हळद वायगावची मिळत होती, पण मातीत घालायला ती कशाला, घरी वरणात घालावी. साधी घेतली, फक्त समोर दळून घेतली, कारण बाजारातल्या स्वस्त पुडीत रंग असतो.

तेलाबद्दल एक इशारा. आमच्याकडे जवस होतो, म्हणून घरचं जवसाचं तेल घालून पैसे वाचवावेत असं दोघा-तिघांनी सुचवलं. वस्ताद नको म्हणत होते. मी एका कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांत घालून पाहिलं. आठवड्यात त्या भागाला पापुद्रा धरला, माती चिवट झाली आणि जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास सुटला. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणूनच ते रंगात आणि लाकडावर वापरतात. आखाड्यात मऊ राहणारं तेल लागतं. तो कोपरा खणून फेकून दिला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

नारळ फोडला, सुरुवात झाली.

आतापर्यंतचा खर्च: टिनं आणि लोखंडी पाइप ४१ हजार, विटा-सिमेंट-मजुरी १६ हजार, माती, मुरूम, रॉयल्टी आणि वाहतूक मिळून १९ हजार, तेल-हळद-कापूर ९ हजार. एकूण ८५ हजार, सगळी वर्गणी. टिनांवरचा खर्च कमी करता येणार नाही. ती भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी दोन-दोन फूट काढा, नाहीतर पागोळ्या आतच पडतात.

पहिले काही दिवस वस्तादांनी कुणालाच लढू दिलं नाही. फावडं घ्यायचं, एका कोपऱ्यातून सुरू करून सगळा आखाडा उकरायचा, मग फळी ओढून सपाट करायचा. फळीवर एक पोरगा उभा, दोघं दोरीनं ओढतात. पोरांना वाटलं ही हमाली आहे. पण खांदे, कंबर आणि पंजा यांना जे काम फावड्यानं मिळतं ते दुसऱ्या कशानं मिळत नाही, आणि न उकरलेल्या मातीवर पडलं की ती जमीनच असते. उकरून झाल्यावर कोलांट्या, पडायचं कसं, मान कशी आत घ्यायची. मग खडाखडी, म्हणजे उभ्यानं हात-मान धरून समोरच्याचा अंदाज घेणं. डाव एकच, एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडणं. त्याच्या जोडीला त्याचा बचाव.

११ मे

हे सगळ्यांनी वाचावं.

सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी वस्ताद गेल्यावर बैठकांची पैज लावली. शेकड्यांत मारल्या. दुसऱ्या दिवशी एकाच्या मांड्या सुजून दगड झाल्या, जिना उतरता येईना, आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळपट तपकिरी झाली. त्याच्या आईनं वेळेवर सांगितलं म्हणून बरं. तालुक्याला दाखवलं, भरती करून सलाइन लावलं. डॉक्टरांनी समजावलं की एकाएकी झेपणार नाही एवढी मेहनत केली की स्नायू तुटतो, त्यातलं द्रव्य रक्तात येतं आणि मूत्रपिंडावर भार पडतो. उन्हाळ्यात अंगात पाणी कमी असेल तर धोका आणखी वाढतो. पोरगा बरा आहे. महिनाभर मेहनत बंद.

आता भिंतीवर खडूनं लिहिलंय: नवीन पोरगा, पहिला आठवडा, वीस जोर, चाळीस बैठका. त्यापुढे वस्ताद सांगतील तेवढंच. पाण्याचा माठ आखाड्यातच ठेवलाय. वेळ पहाटे पाच ते साडेसहा. ऊन वाढलंय, सात वाजता टिनाखाली बसवत नाही.

त्याच आठवड्यात आरोग्य उपकेंद्रात सगळ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का ते तपासून घेतलं. ही लस १० आणि १६ व्या वर्षी द्यायची असते, बऱ्याच पोरांची १६ ची राहून गेली होती. माती कितीही चाळली तरी ती मातीच आहे, आणि खरचटल्याशिवाय कुस्ती होत नाही.

नखं कापलेली हवीत. हातातलं कडं, बोटातली अंगठी, गळ्यातला ताईत बाहेर खुंटीला. करदोट्यात बोट अडकून एकाचं बोट मुरगळलं, तेव्हापासून करदोटाही बाहेर.

१ जून

खुराकावरून आईबापांची काळजी. बदाम, खारीक, थंडाई हे ऐकून काही जण पोराला पाठवायलाच तयार नव्हते. कुणाच्या तरी भावानं जिममधला पावडरचा डबा आणला होता, त्याच्या किमतीत घरचा महिन्याचा किराणा येतो. वस्तादांनी सरळ सांगितलं: रात्री भिजवलेले हरभरे, गूळ, मूठभर शेंगदाणे, ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, असेल तर दूध, चालत असेल तर अंडी. “बदाम पुढच्या गोष्टी आहेत. आधी पोट्टं दोन टाइम पोटभर जेवते का ते पाहा.”

आठवीतल्या तीन मुली विचारायला आल्या. गावात कुजबुज झाली, पण त्यांचे वडील ठाम राहिले. संध्याकाळची वेळ वेगळी दिली, वस्तादांची सून सोबत बसते. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, हे त्या मुलींनाच आधी माहीत होतं. त्यांची पकड मुलांपेक्षा लवकर बसतेय. मला त्यांच्याकडून खूप आशा आहे.

२२ जून

पेरण्या सुरू झाल्या आणि हजेरी निम्म्यावर आली. तक्रार करण्यात अर्थ नाही, घरचं वावर आधी. पण माती रोज उकरली गेली पाहिजे. पावसाळी हवेत दोन दिवस हात लावला नाही तर ती बसते, वरून गच्च आणि आत कोंदट. म्हणून शाळकरी पोरांचे गट पाडले, आणि कुणीच नसेल त्या दिवशी मी आणि आणखी दोघं पन्नाशीतले जाऊन फावडं मारतो. कुस्ती नसली तरी चालेल, उकरणं चुकवायचं नाही, एवढंच पावसाळ्याचं धोरण.

१३ जुलै

झोडपणारा पाऊस. चरानं आपलं काम केलं: बाहेर घोट्याएवढं पाणी, आत तळाला हात घालून पाहिला तर ओल नाही. वस्ताद दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा कोपरापर्यंत हात मातीत घातला, बाहेर काढून झटकला, आणि काही न बोलता लांग कसून पोरांमध्ये उतरले.

पाणी आलं ते बाजूनं. पश्चिमेच्या वाऱ्यानं आडवा मारा आत आला आणि त्या बाजूचा तीन फुटांचा पट्टा चिखल झाला. घाईनं सगळ्या आखाड्यावर ताडपत्री अंथरली आणि कडा विटांनी दाबल्या. हे करू नका. चार दिवसांनी उचलली तर खाली पांढरी बुरशी आणि कुबट वास. ताकानं आणि पाल्यानं बुरशीला खायला भरपूर ठेवलं होतं. वरची चार बोटं माती काढून टिनाखाली पातळ पसरून वाळवली, हळद-कापूर पुन्हा घातला, तेव्हा कुठं वास गेला.

पक्का उपाय स्वस्तात निघाला. पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्यांचा कूड उभा केला, बाहेरून ताडपत्री बांधली. पूर्व आणि उत्तर उघडीच ठेवली. वारा खेळतो, पाऊस येत नाही. तुराट्या वावरातल्या, ताडपत्री ₹१,८००.

२९ जुलै, नागपंचमी

आज जमीन खणायची नाही, म्हणून काल संध्याकाळीच आखाडा उकरून ठेवला. सकाळी पूजा, दुपारी गावातल्या गावात कुस्त्या. बक्षिसं नारळापासून सुरू होऊन ₹५०१ पर्यंत.

जोड लावणं हे सगळ्यात नाजूक काम. डोळ्यांनी बघून जोड लावली की उंच पोरगा हलका आणि ठेंगणा जड निघतो, आणि हलक्याचा बाप भांडायला उठतो. कापूस मोजायचा काटा आणून ठेवला, सगळ्यांसमोर वजन केलं. एकही वाद झाला नाही. पाठ लागली की नाही यावर दोन कुस्त्या अडल्या. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय चितपट नाही, हे वस्तादांनी स्वतः मातीत झोपून दाखवलं.

१७ ऑगस्ट

नायटा. एकाच्या काखेत गोल चट्टा होता, त्यानं लपवला. पंधरवड्यात सहा जणांना. हळदीच्या मातीत त्वचेचे रोग होत नाहीत असं सगळे म्हणतात, पण अंगाला अंग घासतं, आणि पावसाळ्यात लंगोट वाळत नाही. त्यात औषधाच्या दुकानातून कुणी न विचारता मलम आणलं. आठ दिवस बरं वाटलं, मग दुप्पट पसरलं. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम पाहिलं, त्यात स्टेरॉइड होतं. खाज थांबते, बुरशी वाढते. मग नीट औषध, आणि चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं.

चट्टा असलेल्यानं फावडं मारावं, जोर काढावेत, पण लढायचं नाही. प्रत्येकाचे दोन लंगोट, उन्हात किंवा चुलीजवळ कडकडीत वाळवलेले. एकाचा टॉवेल दुसऱ्यानं घ्यायचा नाही. आता उतरण्याआधी रांगेत उभं करून काखा, जांघा, मान बघतो. सुरुवातीला पोरं लाजली, आता स्वतःहून दाखवतात.

२१ सप्टेंबर

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पाच पोरं आणि एक मुलगी नेली. मुलगी दुसरी आली. पोरं सगळी पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर.

स्पर्धा गादीवर, म्हणजे मॅटवर होती. मातीत पाय रुततो, त्याला जोर लावून उभं राहायची सवय. गादीवर पाय सटकन हलतो, समोरचा खाली वाकून येतो आणि पट घेऊन जातो. मातीवर खडाखडीत वेळ घालवता येतो. इथं कमी वयाच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजले जातात, रेषेबाहेर गेलं तरी गुण जातो. आमचा एक पोरगा समोरच्याला हप्ते भरून (काखेखालून हात घालून मानेवर पकड घेऊन) उलटा करायच्या बेतात होता, तोवर दहा गुणांचा फरक पडून कुस्ती संपली होती.

परत येताना जीपमध्ये पोरं गप्प. वस्तादांनी खाशाबा जाधवांचं सांगितलं. मातीत वाढलेला मल्ल, १९४८ ला लंडन ऑलिंपिकला पहिल्यांदा गादीवर गेला आणि सहावा आला. चार वर्षं तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि शेवटची कुस्ती दोघांच्या विजेत्यांमध्ये होते, म्हणजे तिथंही गादी टळत नाही.

ठरलं ते असं: दर रविवारी तालुक्याच्या क्रीडा संकुलात गादीवर. जाण्या-येण्याचा खर्च माणशी ₹६०, तो वर्गणीतून. मातीवरही आता खडाखडी खाली वाकून, आणि एकेरी पटाच्या जोडीला दुहेरी. गावात गादी घ्यायचा विचार केला होता, पण तिचा भाव ऐकल्यावर तो बाजूला ठेवला.

१२ ऑक्टोबर

पाऊस सरला. आखाडा एकही आठवडा बंद राहिला नाही. तीस-बत्तीस पोरं आणि पाच मुली आहेत, पैकी वीस-एक नियमित.

माती दबून आणि अंगावर निघून जाऊन दोन बोटं उतरलीय. दिवाळीनंतर अर्धी ट्रॉली पोयटा-तांबडी चाळून टाकायची आहे, तेलाचा एक डबा त्यात. हवा कोरडी झाली की शिंपणं पुन्हा सुरू: आदल्या संध्याकाळी झारीनं पाणी, पहाटे उकरणं. सकाळी शिंपलं तर वर चिखल आणि खाली धूळ राहते. कापूस वेचणीला पोरं गेली की उकरण्याचे गट परत पाडावे लागतील.

नाल्यापलीकडच्या गावातले चौघं परवा येऊन मापं घेऊन गेले. त्यांची जागा आमच्यापेक्षा सखल आहे, त्यांना एक फुटाऐवजी दोन फूट उचला म्हटलंय, आणि मातीच्या परवानगीचा अर्ज आत्ताच टाका म्हटलंय. चाळणी आणि धुम्मस ते घेऊन गेलेत. ते परत आलं की आमची अर्धी ट्रॉली चाळायला घेऊ.